धाकटीची कंबर आणि माझी टेप

आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कुणी मला साळसूद समजायला नको. माझ्या धाकट्या जावेची कंबर मला बघवत नव्हती. ती जाड होती तोवर माझं काही म्हणणं नव्हतं. उलट ती जाड होती म्हणूनच आमचं इतकं छान जमायचं. बारीक व्हायला लागली आणि माझ्या पोटात दुखायला लागलं.

मी शिंपीण. माझं दुकान म्हणजे दहा बाय आठची खोली, दोन मशिनं, एक आरसा आणि एक पडदा. नवीन कपडे मी फारसे शिवत नाही. लोक तयार कपडे आणतात आणि मी ते त्यांच्या अंगाबरोबर करून देते. अठ्ठावीस वर्षं हेच केलंय. माणूस दारातून आत आलं की मला त्याची छाती, कंबर, उंची कळते, टेप नंतर फक्त सही करते. एखादी बाई म्हणते, "कपडा आटला हो धुण्यात." मी म्हणते, "हो ना, हल्लीचं कापडच तसलं." धंदा आहे, खरं बोलून कसं चालेल?

मी ज्यांच्याकडे शिकले त्या मास्तरांच्या दुकानात पुतळा नव्हता. तिथे मीच पुतळा होते. गिऱ्हाईक आलं की मास्तर मला ड्रेस चढवून उभं करायचे आणि म्हणायचे, "बघा, असा बसतो." माझी कंबर तेव्हा सव्वीस होती. रूप म्हणाल तर बेताचं, रंग त्याहून बेताचा, आवाज फाटका. पण कंबर अशी की रस्त्यावरून जाणारी बाई थांबून काचेतून बघायची. देवाने एकच वस्तू दिली होती, ती मी तळहातावरच्या फोडासारखी जपली.

धाकटी घरात आली सोळा वर्षांपूर्वी. तिच्याकडे बाकी सगळं होतं. चेहरा गोड, गाण्याचा गळा, आणि हसणं असं की आधी हसू घरात यायचं, मग ती. सासूबाई माझ्याशी कामापुरतं बोलायच्या, हिच्याशी तासन्‌तास. माझे मिस्टर, म्हणजे तिचे मोठे दीर, तिच्या विनोदांवर डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसायचे. मी तोच विनोद सांगितला तर म्हणायचे, "मग?" कानामागून आली आणि तिखट झाली म्हणतात ना, तसं. पण मला राग नव्हता येत, कारण धाकटीला कंबर नव्हती. छातीपासून मांड्यांपर्यंत एकच सरळ रस्ता. मी तिच्या शेजारी उभी राहायचे आणि मला बरं वाटायचं.

ती बेकरीत काम करते. काउंटरला नाही, आत, भट्टीच्या बाजूला. पाव झाला की नाही हे ती त्याच्या बुडावर टिचकी मारून आवाजावरून सांगते. प्रत्येक ट्रेमधला पहिला पाव 'चवीला' म्हणून तिच्या तोंडात. दिवसाला बारा-पंधरा ट्रे. आता तुम्हीच हिशेब करा.

दुसऱ्या बाळंतपणाला तिचं पोट कापावं लागलं होतं. त्या जुन्या टाक्यांच्या जागी काही वर्षांनी फुगवटा आला. एरवी लिंबाएवढा, ट्रे उचलला की संत्र्याएवढा. हर्निया. ती हसताना पोटावर हात दाबून धरायची, नाहीतर दुखायचं. आम्हाला सगळ्यांना त्याची सवय झाली होती. धाकटी हसली की उजवा हात पोटावर.

डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन करायलाच हवं, नाहीतर एक दिवस आतडं त्यात अडकेल आणि जिवावर बेतेल. पण वजन एकशे तीन. एवढ्या चरबीवर टाके टिकत नाहीत, पुन्हा फाटेल. "नव्वदच्या खाली या, त्या दिवशी तारीख देतो."

त्या दिवशी ती माझ्या दुकानात येऊन स्टुलावर बसली आणि पहिल्यांदा मी तिला न हसता बघितलं. म्हणाली, "ताई, मला भीती वाटते हो. पोरं लहान आहेत." मी तिला पाणी दिलं, पाठीवरून हात फिरवला, आणि ते सगळं मनापासून होतं. तेही सांगून ठेवते.

हॉस्पिटलमध्ये आहाराचं बघणारी एक बाई आहे. चष्म्यावरून बघते, थोडकं बोलते. तिने धाकटीचा पाव, भात, बटाटा, साखर सगळं बंद केलं. बेकरीतल्या बाईचा पाव बंद! मी मनात म्हटलं, आठ दिवस टिकली तर नाव बदलीन. पण धाकटी टिकली. दिवसभर पावाच्या वासात उभी राहून संध्याकाळी घरी येऊन चीज खायची, कॉफीत साय घालून प्यायची, खिशातून बदाम काढून फकाफका तोंडात टाकायची. म्हणायची, "यात कार्ब नाहीत हो ताई, हे चालतं." दोन महिन्यांत कंबर चव्वेचाळीसवरून बेचाळीस झाली आणि तिथेच रुतून बसली. पुढचा महिनाभर सूतभर हलली नाही.

मी तिला धीर दिला. "जाऊ दे गं, प्रत्येकाचं अंग वेगळं." धीर देताना मला आतून गुदगुल्या होत होत्या.

मग आहारवाल्या बाईने तिची उलटतपासणी घेतली. काय खाता, किती खाता, चीजचा तुकडा केवढा? धाकटीने हाताने दाखवला तर ती बाई म्हणे खुर्चीत मागे टेकली. म्हणाली, "कार्ब सोडलेत ते बरं केलंत. पण तुम्ही रोज वरून एवढी चरबी ओतताय, तर शरीर स्वतःची चरबी कशाला वापरेल? त्याला वेड लागलंय का?" तिने रक्त तपासलं, किडनी ठीक आहे बघितलं, आणि सगळं उलटं केलं. चीज काड्यापेटीएवढं, बदाम मोजून आठ, साय नाहीच. आणि प्रत्येक जेवणात सगळ्यात आधी प्रोटीन. सकाळी तीन अंडी. दुपारी मासा नाहीतर कोंबडी, तळहाताएवढा तुकडा. संध्याकाळी घट्ट दही. भाजी हवी तेवढी. "प्रोटीनने पोट भरलेलं राहतं. आणि वजन उतरताना मांस जागेवर राहतं, जाते ती चरबी. नुसती उपाशी राहिलात तर दोन्ही जाईल, आणि ऑपरेशनला मला चिंधी नकोय, माणूस हवंय."

हे सगळं धाकटीने मला तिच्या आवाजात करून दाखवलं, चष्म्यासकट. आणि शेवटी म्हणाली, "रोज वजन करायचं नाही म्हणाल्या. पाणी कमीजास्त झालं की काटा हलतो, जीव उगाच घाबरतो. दर पंधरा दिवसांनी कंबर मोजायची. मी म्हटलं, मला काट्याची गरजच नाही, माझ्या घरात टेप आहे. तुम्ही मोजाल ना ताई?"

मोजीन की. न मोजायला काय झालं?

दर दुसऱ्या रविवारी सकाळी ती यायची. पडद्याआड उभी राहायची, मी टेप लावायचे, भिंतीवरच्या कॅलेंडरवर आकडा लिहायचे, आणि तिचा बेकरीचा निळा युनिफॉर्म दोन्ही बाजूंनी तेवढा आत घ्यायचे. साडेएकेचाळीस. एकेचाळीस. साडेचाळीस. घड्याळ चुकेल पण ही नाही. कॅलेंडरवर आकडे खाली उतरत होते आणि धाकटीच्या अंगातून दुसरीच बाई वर येत होती. आधी हनुवटी आली. मग मान आली. मग एका रविवारी मी टेप फिरवली आणि माझ्या हाताला, छातीच्या खाली आणि मांड्यांच्या वर, एक वळण लागलं. कंबर!

ती आरशात बघून म्हणाली, "अगं बाई! ताई, तुमच्यासारखी होईल का हो माझी?"

काही वाईट हेतू नव्हता तिचा. पण माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी तोंडातल्या टाचण्यांमुळे काही बोलले नाही हे नशीब.

आता माझी कंबर. सत्तेचाळिसाव्या वर्षी ती सव्वीस नव्हतीच, चौतीस होती. पण घरात अजून तिचा मान होता, जसा निवृत्त हेडमास्तरांना असतो. मी गुपचूप ठरवलं, आपणही करू हे प्रोटीनचं. सकाळी दोन अंडी सुरू केली, दुपारी कोंबडी, रात्री दही. फक्त एक झालं, पाव सोडायचा असतो ही गोष्ट मी मनावर घेतली नाही. भातही चालूच. मला वाटलं, प्रोटीन आत गेलं की ते आपलं आपण झाडूपोछा करत असेल. अंडी पावाबरोबरच छान लागतात. महिन्याभरात माझ्या स्वतःच्या स्कर्टचा हुक मला लागेना. उंटावरचा शहाणा म्हणतात तो दुसरा कोण!

एका दुपारी दुकानात कुणी नसताना मी स्वतःला मोजलं. छत्तीस. मी मटकन स्टुलावर बसले. छत्तीस! पुन्हा मोजलं, पुन्हा छत्तीस. तेव्हा टेपकडे नीट बघितलं तर ती जुनी टेप होती, जिचं टोकाचं पितळ निघालं होतं आणि पहिला इंच तुटून गेला होता. ती एकपासून सुरू व्हायची. स्कर्टच्या खालच्या घेराला खुणा करायला तेवढी मी ती ठेवली होती. म्हणजे खरं माप पस्तीस. जीव भांड्यात पडला. पस्तीस म्हणजे एक इंच वाढलेच होते, पण त्या क्षणी मला सिंहासन परत मिळाल्यासारखं वाटलं.

टेप खुंटीला अडकवताना मनात आलं, एका इंचाने माणूस किती गार पडतो.

त्याच आठवड्यात जेवताना आमचे मिस्टर म्हणाले, "धाकटी बघितलीस का? काय दिसायला लागली आहे! लग्नात होती त्याहून बरी." आणि सासूबाई, ज्यांना समोरचं ताट दिसत नाही, त्या म्हणाल्या, "हो, कमरेत चांगलीच उतरली." मी म्हटलं, "आमटीत मीठ बरोबर आहे का?" दोघं धाकटीबद्दलच बोलत राहिले. मी हिशेब केला. ती साडेअडतीस, मी पस्तीस. पंधरवड्याला अर्धा इंच. साडेतीन महिन्यांत ती मला गाठणार, आणि मग मागे टाकणार. मग माझ्याकडे काय उरलं? फाटका आवाज.

रविवारी ती आली. चेहरा फुललेला. "बुधवारी हॉस्पिटलची तारीख आहे ताई. गेल्या वेळी साडेएक्याण्णव किलो होते. यावेळी नक्की नव्वदच्या खाली असणार, बघा. ऑपरेशनची तारीख देतील."

पडद्याआड उभी राहिली, हात वर केले. माझा हात खुंटीकडे गेला. आपोआप गेला असं सांगितलं तर ते खोटं होईल. दोन टेपा होत्या. चांगली माझ्या गळ्यातच होती.

तुटकी लावली. "एकोणचाळीस," मी म्हटलं.

"काय?"

"एकोणचाळीस. अर्धा इंच वाढलीस."

ती वळून माझ्याकडे बघायला लागली. टेपकडे बघितलं नाही, माझ्याकडे. मला वाटलं आता म्हणेल, परत मोजा. ती म्हणाली, "पण मी तर सगळं बरोबर खातेय हो."

"तेच तर," मी म्हटलं. "ती अंडी अंगाला लागली असतील. तीन-तीन अंडी, वर कोंबडी. पहिलवान खातात तसं खाल्लं तर पहिलवानच होणार ना!" माझ्या जिभेला हाड नव्हतंच, त्या दिवशी लाजही नव्हती. आणि युनिफॉर्म? तो मी खऱ्या मापाहून इंचभर आणखी आत घेतला. दोन दिवसांनी तो तिच्या बरगडीत रुतला तेव्हा तिची खात्रीच पटली.

बुधवारी ती हॉस्पिटलला गेली नाही. मला फोन करून म्हणाली, "कोणत्या तोंडाने जाऊ? त्या बाई म्हणतील, चोरून पाव खाल्ला." मी म्हणायला हवं होतं, जा बाई, काट्यावर उभी तरी राहा. मी म्हटलं, "नकोच जाऊस. उगाच बोलणी खाशील. पुढच्या तारखेला जा." पुढची तारीख सहा आठवड्यांनी होती.

तिने अंडी सोडली. मासा सोडला, कोंबडी सोडली. काकडी, कोबी, लिंबूपाणी आणि काळा चहा. पाव तर आधीच नव्हता. मी बघत होते. बेकरीसमोरून मुद्दाम जायचे, आत डोकावायचे. ती भट्टीपुढे उभी राहून टेबलाला धरायची. पंधरा दिवसांनी आली तेव्हा तिच्या दंडाचं मांस माझ्या हाताला मऊ लागलं, कणीक मळायची राहिली की लागते तसं. तुटक्या टेपवर साडेअडतीस आलं. म्हणजे खरं साडेसदतीस. मी मोठ्याने वाचलं, "एकोणचाळीस. जागच्या जागी." पहिल्यांदा टेप खोटं बोलली होती. दुसऱ्यांदा मी.

ती म्हणाली, "काकडीही सोडू का ताई?" आणि हसली. हसताना पोटावर हात ठेवायलाही विसरली, आणि वेदनेने वाकली.

त्या दिवशी मी थांबायला हवं होतं. थांबायचं ठरवलं नाही, असंही नाही. मनात म्हटलं, पुढच्या रविवारी चांगली टेप लावू, दोन इंच कमी झाले म्हणून सांगू, केवढी खूश होईल. म्हणजे बघा माझी अक्कल, चोरीचा माल परत करून वर उपकारही करणार होते.

तो रविवार आलाच नाही. शुक्रवारी सकाळी बेकरीतून फोन आला. ट्रे उचलताना तिला चक्कर आली, ती ट्रेसकट रॅकवर पडली आणि पोटातला फुगवटा बाहेर येऊन टणक झाला. मी मशीनवर कुणाची तरी पँट तशीच सोडून पळाले.

डॉक्टरांनी फुगवटा हाताने आत ढकलला होता. थोडक्यात निभावलं होतं. धाकटी कॉटवर पडली होती, ओठ पांढरे. भाऊजी, म्हणजे तिचा नवरा, औषधं आणायला खाली गेले होते. डॉक्टर कागद चाळत होते.

"वजन शहाऐंशी आहे तुमचं," डॉक्टर म्हणाले. "गेल्या वेळी का नाही आलात? तेव्हाच नव्वदच्या खाली गेला असणार. त्या दिवशी आला असतात तर आत्तापर्यंत ऑपरेशन होऊन टाकेही निघाले असते. आता मी हात लावू शकत नाही. वजन उतरलंय, पण अंग रिकामं झालंय. रक्त कमी, प्रोटीन कमी, अशा पोटावर जखम भरणार नाही. दोन महिने नीट खा. आणि या दोन महिन्यांत हे आतडं पुन्हा अडकलं नाही तर नशीब."

धाकटीने मान हलवली. हळूच म्हणाली, "डॉक्टर, तुमचा काटा बिघडला असेल. शहाऐंशी कसं येईल? या माझ्या जाऊबाई. अठ्ठावीस वर्षं माप घेतात. त्यांची टेप चुकत नाही."

डॉक्टर माझ्याकडे बघून हसले आणि गेले.

केसाने गळा कापणं म्हणतात. मी टेपने कापला होता, आणि जिचा कापला ती कॉटवरून माझीच बाजू घेत होती. चोराच्या मनात चांदणं, पण हे चांदणं नव्हतं, भर उन्हात उभं केल्यासारखं होतं. गळ्यात टेप तशीच होती, घाईत काढायची राहिली होती. मी कॉटच्या कडेला बसले आणि सांगितलं. तुटकी टेप, पितळ निघालेलं टोक, एकोणचाळीस, अंड्यांचं, युनिफॉर्मचं. न थांबता सांगितलं, कारण थांबले असते तर पुढे बोलले नसते.

ती ऐकत होती. मी काय बोलतेय ते तिला बराच वेळ कळलंच नसावं. मग कळलं. मला दिसलं कळलेलं.

सोळा वर्षं ती मला अहो-जाहो करत आली होती. त्या दिवशी पहिल्यांदा म्हणाली, "का गं?"

मी काय सांगणार? म्हटलं, "माझ्याकडे तेवढंच होतं गं."

"काय?"

"कंबर."

मला वाटलं ती रडेल, ओरडेल, मुस्काटात देईल. मी गालही तयार ठेवला होता. ती म्हणाली, "मी तुझ्याएवढी बारीक कधी होणारच नव्हते. मला फक्त पोरं मोठी होईपर्यंत जगायचं होतं." मग तोंड भिंतीकडे केलं. "आता जा."

मी गेले. दुसऱ्या दिवशी डबा घेऊन आले, उकडलेली तीन अंडी आणि वाफवलेला मासा. तिने डब्याकडे बघितलं, माझ्याकडे नाही. "ठेव तिथे." दारातून मागे वळून बघितलं तर ती अंडं सोलत होती. कवच नीट एका बाजूला ठेवत होती. तेवढं मला पुरलं. दोन महिने मी रोज डबा नेऊन दिला, तिच्या दारात ठेवला, ती आतून घ्यायची. आहारवाल्या बाईने लिहून दिलं होतं तसं, ग्रॅमवर. आतडं पुन्हा अडकू नये म्हणून मी जेवढे नवस बोलले असेन तेवढे देवालाही मोजता येणार नाहीत.

ऑपरेशन झालं. टाके टिकले. घरात कुणालाच तिने काही सांगितलं नाही. सासूबाई विचारतात, "तुमच्या दोघींचं काय बिनसलंय?" ती म्हणते, "काही नाही." मीही तेच म्हणते. अळीमिळी गुपचिळी. समोरासमोर आलो की ती मला पुन्हा 'अहो ताई' म्हणते, अगदी नीट, पाहुणीशी बोलावं तसं.

मी पाव सोडला, बरं का. माझी कंबर चौतीस झाली. कुणी बघितलं नाही, मीही कुणाला सांगितलं नाही. तुटकी टेप कात्रीने बारीक कापून टाकली.

रविवारी सकाळी मी दुकान उघडून बसते. ती येत नाही. ती आता कोपऱ्यावरच्या शिंप्याकडे जाते. तो माणूस नवशिका आहे, टीप घाईत मारतो, शिवणीत पुढे उसवून सैल करायला माया ठेवत नाही. परवा ती त्याच्याकडून नवा ड्रेस घालून माझ्या काचेसमोरून गेली, मैत्रिणीशी बोलत. काहीतरी विनोद झाला असावा, मोकळी हसली, दोन्ही हात बाजूला, पोटावर एकही नाही. डावीकडची शिवण खांद्यापासून कमरेपर्यंत तिरकी गेली होती. मी असते तर दहा मिनिटांत सरळ केली असती. कंबर छत्तीस असेल, मला लांबूनही कळतं.

त्या कंबरेचं मला आता काही नाही. पण त्या शिंप्यापुढे ती हात वर करून उभी राहते आणि तो म्हणेल तो आकडा खरा मानते. त्या मेल्याचा मला इतका हेवा वाटतो की काय सांगू.